रोज एक भांडण, अनशापोटी

माझ्या पहिल्या धड नोकरीच्या विरोधात मी आधी पत्रक काढलं होतं. ‘आदिवासींच्या डोक्यांवर प्रयोग बंद करा!!!’ असा मथळा, खाली संघटनेचं नाव. जव्हारच्या एसटी स्टँडवर आणि मोखाड्याच्या आठवडे बाजारात मी ते स्वतः वाटलं. सुकी मच्छी विकणाऱ्या एका बाईनं माझ्या देखत त्यात बोंबील बांधून गिऱ्हाईकाला दिले. तेवढा अपमान सोडला तर मोहीम यशस्वी झाली, कारण थोड्याच दिवसांत शत्रूचा फोन आला.

“पत्रक तुम्ही लिहिलंत?”

“हो. आणि मागे घेणार नाही.”

“घेऊच नका. माहिती निम्मी चुकीची आहे, पण वाक्यं छोटी आहेत. आमच्या प्रश्नावलीतलं एकेक वाक्य मालगाडीएवढं आहे, पाड्यावर कुणाला कळणार नाही. तुम्ही येऊन ती सोपी कराल?”

फोनवर डॉ. लिमये होत्या. मनोविकारतज्ज्ञ. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयातून संशोधनासाठी आलेल्या आणि जव्हारला दोन खोल्या भाड्यानं घेऊन बसलेल्या. मी भांडायला म्हणून गेले आणि नोकरी घेऊन परत आले. संघटनेतले आमचे दादा म्हणाले, “फितूर झालीस.” मी म्हटलं, “आत राहून लक्ष ठेवणार आहे.” दादा म्हणाले, “आत जाणारे सगळे हेच म्हणतात.” दादांचं हे खरं आहे, म्हणून तेव्हा फार राग आला.

तर काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या आईलासुद्धा ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजाऱ्यांना सांगायची, “टीबीच्या हापिसात आहे,” आणि शेजारी दोन पावलं मागे सरकायचे.

टीबीच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाव्या लागतात. थोडं बरं वाटलं की पुष्कळ जण मधेच सोडतात, मग रोग चवताळून परत येतो आणि साध्या गोळ्यांना जुमानत नाही. कोण सोडतं, कोण टिकतं, आणि यात माणसाच्या स्वभावाचा हात किती, हे या अभ्यासात बघायचं होतं. माझं मत तयारच होतं : गोळ्या सुटतात त्या रस्ता नाही म्हणून, पोटात अन्न नाही म्हणून आणि दिवाळी सरली की अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर निघून जातो म्हणून. यात स्वभाव कुठून आला? लिमये मॅडम म्हणाल्या, “असेल तसंच. पण तुमच्याकडे घोषणा आहे, माझ्याकडे शंका आहे. विचारल्याशिवाय दोन्हींचा उपयोग नाही.”

दुसरी गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी डोक्यात ठोकून बसवली. कुणी चिडका असतो, कुणी भित्रा, कुणी संशयी, कुणी काटेकोर. हे झाले स्वभाव, ते थोडेफार आपल्या सगळ्यांत असतात. ‘व्यक्तिमत्त्व विकार’ हे वेगळं प्रकरण. तो म्हणायचा तर वागण्याचा तोच एक साचा तरुणपणापासून दिसायला हवा, सगळीकडे आणि सगळ्यांशी दिसायला हवा, आणि त्यापायी त्या माणसाचं किंवा त्याच्या माणसांचं नुकसान व्हायला हवं. यातलं एक जरी नसलं, तर शिक्का मारायचा नाही. “सासूला आवडत नाही म्हणून सून विकारी ठरत नाही,” असं मॅडम म्हणायच्या. हे वाक्य मी पत्रकात घालायला मागितलं, पण त्यांनी दिलं नाही.

माझ्या ओळखपत्रावर ‘क्षेत्र संशोधक’ असं छापलं होतं. पाड्यांवर मला ‘सोभाववाली’ म्हणायचे. भांडीवाली आली, बांगड्यावाली आली, तशी सोभाववाली आली.

प्रश्न सोपे करायला मला वेळ लागला नाही. अडलं ते उत्तरांपाशी. आमच्या प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं होती : अजिबात नाही, थोडंसं, मध्यम, बरंच, अतिशय. पाड्यावर असं कुणी उत्तर देत नाही. “तुला राग येतो का?” विचारलं तर गेल्या होळीची पूर्ण गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, “आता तूच बघ, येल का नाय!” मग मी डोकं चालवलं. नागलीची भाकर घेतली आणि म्हटलं, राग काहीच नसेल तर रिकामी थाळी, थोडा असेल तर पाव भाकर, मग अर्धी, मग पाऊण, आणि खूप असेल तर अख्खी. मॅडम खूश. मी तर इतकी खूश की दादांना फोन करून सांगितलं.

पहिल्याच पाड्यावर एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, “बाबा, राग किती येतो?”

“आख्खी.”

“उदास किती वाटतं?”

“आख्खी.”

“आनंदात किती असता?”

“आख्खी.”

“बाबा, सगळंच अख्खं कसं?”

बाबांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. “पोरी, भाकर विचारतंस आन् आरधी सांगू?”

सगळा पाडा असाच निघाला. आमच्या हिशेबानं तिथले लोक एकाच वेळी जगातले सगळ्यात संतापी, सगळ्यात दुःखी आणि सगळ्यात सुखी ठरले. मॅडमनी ते कागद बघून डोक्याला हात लावला. मग भाकर गेली आणि हात आले. ‘एवढा राग’ असं दोन्ही हातांनी दाखवायचं. तिथं कुणी कंजुषी केली नाही आणि कुणी उगाच हावही धरली नाही.

काही प्रश्न मात्र सोपे केल्यावर नागडे पडले. ‘तुम्ही एका जागी टिकत नाही, सारखी जागा बदलता का?’ हा प्रश्न चंचलपणा तपासायचा. सगळे हो म्हणाले. पाऊस सरला, भात झोडून झालं की पोरंबाळं, कोंबड्या, पातेली घेऊन सगळे भिवंडी-वसईकडे जातात, होळीला परततात. मी मॅडमवर कडाडले, “हा स्वभाव नाही, हा रोजगार आहे! गावात काम द्या, बघा कसे टिकतात ते!” त्यांनी शांतपणे तो प्रश्न खोडला आणि म्हणाल्या, “पुढचा कधी खोडायचा?” पुढचा होता, ‘लोक आपल्यावर नजर ठेवून आहेत असं वाटतं का?’ तो एका बाईला विचारला, तर तिनं हनुवटीनं मागं दाखवलं. कुडाच्या भिंतीला चार डोळे चिकटले होते. शेजारणी ऐकत होत्या.

आणि खरा घोळ हाच. आमच्या नियमात मुलाखत एकांतात घ्यायची. नियम चांगला आहे. मनातलं विचारायचं ते चारचौघांत कसं विचारणार? पण पाड्यावर एकांत म्हणजे काय ते कुणाला माहीत नाही. तू मोहाच्या झाडाखाली जा, मागून पोरं येतात, पोरांच्या मागून कुत्री येतात, कुत्र्यांना हाकलायला बाया येतात आणि आल्यासारख्या बसतात. मग प्रश्न एकीला आणि उत्तर चौघींचं. “ही? ही भित्री! भुताला नाय भीत, आन् इंजेक्शनला भितं!” जिला विचारलं ती नुसती हसते. मी रागावून म्हटलं, “अगं, तिचा स्वभाव तिला विचारतेय.” तर म्हणाल्या, “तिचा सोभाव तिला कसा म्हायती? तो आमी सोसतो.”

हे मी मॅडमना चेष्टेनं सांगितलं, तर त्या चटकन म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं. म्हणून तर आपण घरच्या माणसाची वेगळी मुलाखत घेतो. चष्मा घातलेल्याला चष्मा दिसत नाही.”

मधेच एक गोष्ट सांगते, नाहीतर माझं लिखाण पुन्हा पत्रक होईल. मला वाटायचं, हे विकाराचं सगळं शहरातलं खूळ आहे, गरिबाच्या रागाला रोगाचं नाव देण्याचा धंदा आहे. मग एक तरुण भेटला. त्याला महादू म्हणू या. इथली सगळी नावं मी बदलली आहेत आणि पाड्यांची लिहिणारच नाही. महादूचं जिथं तिथं बिनसायचं. भावाशी, बायकोशी, भट्टीवर मुकादमाशी, आणि ज्या मित्रासाठी जीव टाकायचा त्याच्याशी तर सगळ्यात जास्त. आज पाय धरायचा, उद्या दगड मारायचा. नंतर स्वतःच रडत बसायचा. शाळेत असल्यापासून असाच. गावानं त्याला ‘वंगाळ’ ठरवून टाकलं होतं. मॅडम त्याच्याशी सलग बोलल्या, त्याच्या आईशी बोलल्या, आणि मग सांगितलं की हा विकार आहे, याला बोलण्याचे उपचार आहेत, वेळ लागेल पण फरक पडतो. मला वाटलं आई कोसळेल. ती म्हणाली, “म्हंजे माझा पोर वंगाळ नाय?” आणि तेच पुन्हा एकदा विचारलं. महादू काही आठवडे जव्हारला येत होता. मग काम लागलं म्हणून भिवंडीला गेला आणि फोन लागेनासा झाला. त्याची रुखरुख अजून आहे. असो.

आता सोमी.

जव्हारकडच्या वांगणीच्या पलीकडे, जिथं जीपवाला “इथून चालत जा” म्हणतो आणि तरी भाडं पूर्ण घेतो, तिथला एक पाडा. सोमी चाळिशीची असेल. जमीन नाही, मजुरीवर पोट. अंगानं सुकलेली, पण आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरची शेळी मान वर करून बघते. तिला टीबी होता. दोनदा गोळ्या सुरू केल्या, दोनदा सोडल्या. आता तिसऱ्यांदा सुरू झाल्या होत्या आणि मी पोचले त्याच आठवड्यात तिनं गोळ्यांची डबी आरोग्यसेवकाच्या अंगावर फेकली होती. खोकताना लुगड्याचा पदर तोंडाला लावायची आणि लगेच मुठीत दाबायची. त्यावर काय होतं ते न बघताही कळत होतं.

आरोग्यसेवक शिंदेभाऊ हा माणूस भला. उन्हात, चिखलात डब्या घेऊन फिरणारा. मला म्हणाले, “ताई, हिचा स्वभावच असा. तुमच्या प्रश्नात घाला हिला, लगेच लाल दिवा लागेल.”

मी तिच्यासमोर बसले.

“मावशी, तुला पटकन राग येतो?”

“तू आताच आलीस. आजून नाय आला.”

“रागात वस्तू फेकतेस?”

“फेकली ना. डबी.”

“लोकांवर विश्वास बसतो?”

“कोणत्या लोकांवर?”

“असंच. लोकांवर.”

“असेच लोक नसतंत. नाव सांग, मंग सांगतं.”

लाल दिवा लागला. संशय जास्त, राग जास्त, जुळवून घेणं कमी. आमच्या पद्धतीत दिवा लागला म्हणजे निकाल लागत नाही. पुढे मॅडमची सविस्तर मुलाखत आणि घरच्या माणसाची मुलाखत असते. पण मॅडमना वेगळीच काळजी लागली होती. त्यांनी तिची छाती तपासली, जुने कागद बघितले आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “या वेळी सोडलं, तर पुढच्या वेळी या गोळ्या तिच्यावर चालतीलच असं नाही. आणि पुढची वेळ येईलच, असंही नाही.”

घरच्या माणसात नवरा होता, तो म्हणाला, “मी काय सांगणार? बुधीला विचारा.” बुधी म्हणजे सोमीची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एकच कुडाची भिंत आणि त्या भिंतीतून ताटली जाईल एवढं भोक. पाड्यावर सांगायचे की सूर्य एखाद दिवशी उगवला नाही तरी चालेल, पण या दोघींचं भांडण चुकणार नाही. मला वाटलं, झालं, हिच्या साक्षीनं सोमी पक्की अडकणार.

बुधी दारात बसून लसूण सोलत होती. मी विचारलं, “सोमीमावशी सगळ्यांशी भांडते का?”

“सगल्यांशी? नाय बा. माझ्याशी भांडतं. पाण्यावरून. कोंबडीवरून. काय नसंल तर माझ्या म्हायेरावरून.”

“कधीपासून?”

“माझा लगीन झाला तवापासून. पयल्याच दिशी म्हनली, कसली काळी बायको आणली! आन् सोता तव्यासारखी.”

“त्यामुळे तुझं काही नुकसान?”

बुधीनं लसूण सोलणं थांबवलं. प्रश्न तिला खरंच कळला नव्हता. “कसला नुकसान? माझी पोरगी आडली होती तवा हीच बसली माझ्यापाशी. रातभर शिव्या घालत बसली. कळ आली का शिवी, कळ आली का शिवी. मी शिव्या मोजत बसले, त्यात पोरगी झाली.”

“आणि भट्टीवर, मुकादमाशी?”

“तिथं तोंड उघडत नाय. मान खाली, विटा डोक्यावर.”

“मग डबी का फेकली?”

बुधी बोलणार एवढ्यात भिंतीच्या भोकातून आवाज आला. मुलाखत एकांतात चालू होती ना! “तिला काय विचारतंस? माला विचार! मी काय बैल हाय? दात बघून घेतो माझं!”

आणि मग कळलं. गोळी रोज कुणाच्या तरी समोर गिळायची, अशी पद्धत असते, कारण काही जण गोळी गालात धरून नंतर थुंकतात. शिंदेभाऊ पद्धतीला पक्के. उपकेंद्राच्या ओट्यावर रांगेसमोर सोमीला म्हणायचे, “तोंड उघड, जीभ वर कर,” आणि बॅटरी मारून आत बघायचे. आमच्याकडे बाजारात बैल घेताना दात असेच बघतात. दातावरून वय ठरतं, वयावरून किंमत. भट्टीवर मान खाली घालणारी बाई या एकाच ठिकाणी उसळायची, आणि उसळली की गोळ्या सुटायच्या.

मी तशीच जव्हारला मॅडमकडे धावले. “सगळीकडे नाही, सगळ्यांशी नाही, फक्त त्या ओट्यावर! हा विकार नाही, अपमान आहे!”

“शेवटचं वाक्य छापू नकोस,” मॅडम म्हणाल्या. एव्हाना मी ‘तू’ झाले होते. “पण विकार नाही, एवढं खरं.”

“मग गोळी देणारा माणूस बदलू या.”

“अभ्यासात आहे तोवर बदलता येत नाही. कोण टिकतं ते बघतोय आपण. मधेच आपणच हात दिला तर काय बघितलं म्हणायचं?”

“म्हणजे ती मेली की आपल्याला काहीतरी कळेल!”

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की खालचा चहावाला वर बघायला आला. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “नियमालाही एक दार असतं. जिवाला धोका असेल तर उपचार आधी, अभ्यास नंतर. दार उघडलं की ती अभ्यासातून बाहेर. तिचं एकही उत्तर धरता येणार नाही. चालेल?”

“उघडा.”

“सकाळीच उघडलंय. तू उगाच घसा फोडलास.”

आता गोळी देणार कोण? आम्ही पाड्यावर जाऊन बसलो. नवरा म्हणाला, मला भीती वाटते. टीबीची नव्हे, सोमीची, हे सगळ्यांना कळलं. अंगणवाडीताईचं नाव निघालं, तर सोमी म्हणाली, “ती शिंद्याची बहीण मानलेली.” मग बुधी उठली.

“मी देतं.”

“तू?” सोमी फिस्कारली. “तू इख देशील!”

“इख देऊन मी भांडू कोणाशी?”

सगळे हसले. शिंदेभाऊ मात्र खरे काळजीत. ते कुंपणापाशी उभे होते, सोमीच्या नजरेआड. म्हणाले, “बाई, पण गोळी पोटात गेली की गालात राहिली, हे कसं बघणार? तोंड उघड म्हणालीस की झालं परत.”

बुधी म्हणाली, “माझ्यासमोर तिचं तोंड मिटतं कधी? गोळी घातली, पाणी दिलं, का मी म्हननार, तुझी कोंबडी माझ्या पडवीत हगली. मंग ती शिव्या देल. दोन-चार शिव्या झाल्या का समजायचं, गोळी गेली. गालात गोळी धरून शिवी देऊन बघा तुमी!”

शिंदेभाऊंनी खिशातून लिमलेटची गोळी काढून गालात धरली आणि प्रामाणिकपणे एक शिवी देऊन पाहिली. ती शिवी शिवीसारखी वाटेना. त्यांनी मान हलवली आणि डबी बुधीच्या हातात दिली.

हे गमतीचं वाटतं, मलाही वाटलं, पण पहिल्या सकाळी मी तिथंच होते आणि हसू आलं नाही. सोमीनं अनशापोटी गोळी घेतली. बुधीनं कोंबडीचा विषय काढला. सोमीनं तोंड उघडलं, अर्धी शिवी बाहेर आली आणि खोकल्यानं ती वाकली. बराच वेळ खोकत राहिली. आणि बुधी, जी कधी कुणाला शेवटचा शब्द सोडत नाही, ती उत्तर तोंडात धरून उभी राहिली. पाण्याचा तांब्या पुढे केला. सोमीचा श्वास जागेवर आला, तिनं शिवी पूर्ण केली, मगच बुधीनं आपली दिली.

पुढे मी जाई तेव्हा भांडण ऐकायची. आधी दोन शिव्यांत दम लागायचा. मग माहेरापर्यंत पोचू लागलं. शिंदेभाऊ येता-जाता कुंपणाआड थांबायचे आणि मला सांगायचे, “आज मामाच्या गावापर्यंत गेली हो, औषध लागू पडतंय.” दिवाळीनंतर दोघी वसईकडे एकाच भट्टीवर गेल्या. मला धास्ती, कारण गोळ्या सुटतात त्या तिथंच. पण डबी बुधीच्या बोचक्यात गेली होती, आणि मी फोन केला की ‘हॅलो’च्या आधी भांडण ऐकू यायचं. मग बुधी म्हणायची, “खाल्ली. ऐकू आलं ना?”

सोमीच्या गोळ्या पूर्ण झाल्या. बेडका तपासला, त्यात काही सापडलं नाही. मी आनंदानं जव्हारच्या खोलीत जवळजवळ नाचले.

मग निष्कर्षांची बैठक झाली. भिंतीवर आकडे, रेघा, रंग. संशयी स्वभावाच्या माणसांबद्दल एक रेघ होती, चिडक्यांबद्दल दुसरी. त्या सगळ्यांत सोमी नव्हती. मला माहीत होतं, मीच दार उघडायला लावलं होतं, तरी जीव जळला. जी टिकली, कशी टिकली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं, ती कुठल्याच रेघेत नाही. मॅडमशी भांडून पाहिलं. त्या म्हणाल्या, “तिला धरलं तर ते खोटं होईल. मला खोटं संशोधन करायचं नाही, आणि तुलाही नकोय.” त्यांचं बरोबर होतं. मला बरोबर असलेल्या माणसांशी भांडायला अवघड जातं, सवय नाही.

सहभागी माणसाला काय झालं ते सांगायचं, हाही नियम. मी पाड्यावर गेले.

“मावशी, तुझी उत्तरं आम्ही अभ्यासात धरली नाहीत.”

“धरली नाय म्हंजे? आख्खा दीस बशिवलंस. चूल थंड झाली माझी. आन् धरली नाय?”

“नियम आहे तसा.”

“कोनाचा?”

“मॅडमचा. म्हणजे, विज्ञानाचा.”

“तो नको. मॅडम कठं बसतं ते सांग.”

“जव्हारला.”

सोमीनं भिंतीच्या भोकाला तोंड लावलं. “बुधे! लुगडं बदल! जव्हारला जायचंय!”

“मी कशाला?”

“मी एकटी गेले तर मधी मधी कोन बोलंल?”

जीपमध्ये खिडकीवरून दोघींचं जुंपलं ते जव्हारपर्यंत. जिना चढून सोमी थेट मॅडमच्या टेबलापाशी उभी राहिली आणि सुरू झाली. चूल, मजुरी, फुकट गेलेला दिवस, सोभाववालीचे वेडे प्रश्न, बॅटरी, बैल, सगळं. मधे बुधी भर घालत होती. मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि हात बांधून ऐकत राहिल्या. सोमी दम घ्यायला थांबली तेव्हा त्यांनी सांगितलं, “बाई, तुमचं म्हणणं खरं आहे. पण धरता येणार नाही.”

“का नाय?”

“कारण मग ते खोटं होईल.”

“मंग मी पुन्यांदा सांगतं,” सोमी म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, चुलीपासून.

मॅडम माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, “जिना चढून आली, मघापासून बोलतेय, एकदाही खोकली नाही.”

“काय कुजबुजतंस?” सोमी कडाडली. “माझ्या तोंडावर बोल!”